चोर सोडून मतपेटीला फाशी : रोमानियाच्या निवडणुकीचं प्रकरण

महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी झाली तो शनिवार होता, २३ नोव्हेंबर २०२४. त्या दिवशी आणि पुढचा आठवडाभर आपल्याला दुसरीकडे बघायला सवड नव्हती. दुसऱ्याच दिवशी रोमानियात राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी झाली आणि बारा दिवसांनी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती निवडणूक मुळापासून रद्द केली. मतपेट्या पळवल्या नव्हत्या. मोजणीत घोळ नव्हता. उलट फेरमोजणी होऊन निकाल बरोबर ठरला होता. ऑस्ट्रियात २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची एक फेरी रद्द झाली होती, पण ती टपाली मतांच्या हाताळणीतल्या चुकांमुळे. रोमानियात कारण होतं ते मुख्यतः टिकटॉकवरच्या प्रचाराचं.

मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना राजकीय अपप्रचारासाठी जबाबदार धरायचं म्हणजे नेमकं काय करायचं, अशी चर्चा निघाली की मला हे प्रकरण आठवतं. इथे कायदा होता, आणि तो जगातल्या कडक कायद्यांपैकी एक होता. नियामक होते, गुप्तचर यंत्रणांकडे माहिती होती, तक्रारीही वेळेत झाल्या होत्या. एवढं सगळं असून निवडणूक गेली आणि कंपनी आपल्या जागी राहिली. असं का झालं, ते बघण्यासारखं आहे.

शून्य खर्चाचा उमेदवार

कालिन जॉर्जेस्कू अपक्ष म्हणून उभे होते. एकेकाळी संयुक्त राष्ट्रांसाठी विषारी कचऱ्याच्या प्रश्नावर काम केलेले हे गृहस्थ अलीकडच्या काळात मात्र वेगळ्याच गोष्टींसाठी ओळखले जात. दुसऱ्या महायुद्धातला हुकूमशहा आंतोनेस्कू आणि फॅसिस्ट ‘आयर्न गार्ड’चा नेता कोद्रेआनू यांचा त्यांनी जाहीर गौरव केला होता. नाटोबद्दल नाराजी, युक्रेनला मदत करायला विरोध, देव-देश-माती ही भाषा. पाठीशी पक्ष नाही आणि गावोगावी यंत्रणा नाही. मतचाचण्यांमध्ये ते बराच काळ खिजगणतीत नव्हते. अगदी शेवटी थोडे वर सरकले तरी बहुतेक चाचण्यांत दहा टक्क्यांच्या आतच होते.

निकाल लागला तेव्हा त्यांना २२.९४ टक्के मतं होती, म्हणजे २१ लाखांहून जास्त. ते पहिले. दुसऱ्या क्रमांकावर एलेना लास्कोनी, १९.१८ टक्के. तिसरे आले ते सत्तेवर असलेले पंतप्रधान मार्सेल चोलाकू, १९.१५ टक्के. लास्कोनी आणि चोलाकू यांच्यात फरक फक्त २,७४० मतांचा. पहिले दोघेच दुसऱ्या फेरीत जातात, त्यामुळे पंतप्रधान स्पर्धेतूनच बाहेर फेकले गेले.

आणि जॉर्जेस्कू यांनी प्रचारखर्च दाखवला होता शून्य. कमी नव्हे, चक्क शून्य.

आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा असते आणि जिल्हा निवडणूक कार्यालय दरपत्रक काढतं. चहाचा कप केवढ्याला धरायचा, वडापाव केवढ्याला, खुर्चीचं भाडं किती, हार किती. उमेदवाराने मंडपवाल्याला पैसे दिलेच नाहीत असं म्हटलं तरी खर्च निरीक्षक खुर्च्या मोजून तो आकडा उमेदवाराच्या खात्यात टाकतो. या पद्धतीला आपण हसतो, आणि तिच्यातून निसटायच्या वाटाही सगळ्यांना ठाऊक आहेत. पण तिच्यामागचा विचार पक्का आहे: सभेला माणसं दिसली म्हणजे ती आणण्याचा खर्च कुणीतरी केला आहे. रोमानियातही खर्चाचे नियम होते. लाखो लोकांच्या फोनमध्ये भरलेल्या सभेच्या खुर्च्या मोजायला मात्र कुणाकडे माणूस नव्हता.

टेम्पोतून आणलेली गर्दी

४ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष क्लाउस योहानिस यांनी सर्वोच्च संरक्षण परिषदेपुढे आलेली गुप्तचर यंत्रणांची कागदपत्रं खुली केली. त्यांतला तपशील असा होता. मतदानाच्या आधीच्या दोन आठवड्यांत टिकटॉकवरची सुमारे २५,००० खाती एकदम जोरात कामाला लागली. त्यांतली ७९७ खाती २०१६ पासून उघडून ठेवलेली होती आणि ११ नोव्हेंबरपर्यंत ती जवळजवळ गप्प होती. काय टाकायचं, केव्हा टाकायचं, कंपनीच्या तपासणीत सापडू नये म्हणून चित्रात काय बदल करायचा, याच्या सूचना टेलिग्रामवरून दिल्या जात होत्या. एका खात्यावरून, टिकटॉकनेच दिलेल्या माहितीनुसार, महिनाभरात ३,८१,००० डॉलर प्रचारात सहभागी झालेल्यांना वाटले गेले. टिकटॉकवर पैसे घेऊन राजकीय जाहिरात करायला बंदी आहे, हे इथेच सांगून ठेवतो.

हे चालतं कसं, ते माहीत नसेल तर पुढचं सगळं हवेत राहील. टिकटॉक उघडलं की समोर येणारे व्हिडिओ तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांचेच असतात असं नाही. ॲप नवा व्हिडिओ आधी थोड्या लोकांना दाखवून बघतं. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, खाली काही लिहिलं, दुसऱ्याला पाठवला, तर आणखी लोकांना दाखवतं. म्हणजे पहिल्या काही तासांतल्या टाळ्यांवर पुढचं सगळं अवलंबून. या पहिल्या टाळ्याच विकत आणल्या तर? सभेला टेम्पो भरभरून माणसं आणायची पद्धत आपल्याला नवी नाही. पण टेम्पोतून आलेली माणसं मैदानावरून निघून जातात. इथे भाड्याची गर्दी बघून यंत्रच खऱ्या माणसांना घरी जाऊन बोलावून आणतं, आणि ती माणसं खरीखुरी असतात, त्यांची मतंही खरी असतात. देशाची लोकसंख्या सुमारे १.९ कोटी आणि टिकटॉक वापरणारे सुमारे ९० लाख.

गंमत अशी की जॉर्जेस्कू यांच्या गाजलेल्या व्हिडिओंमध्ये ‘हे खोटं आहे’ असा शिक्का मारावा असं फारसं काही नव्हतं. ज्युडो खेळताना, घोड्यावर बसलेले, गार पाण्यात पोहताना, चर्चमध्ये. तथ्यतपासणी करणाऱ्याने त्यात काय तपासायचं, घोडा? आपण अपप्रचार म्हटलं की खोटी बातमी, जोडलेला फोटो, बनावट आवाज एवढंच धरतो. या प्रकरणात लबाडी होती ती टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये आणि लपवलेल्या पैशात.

कागदपत्रांतला आणखी एक आरोप थेट कंपनीवर होता. बाकी उमेदवारांच्या मजकुरावर राजकीय म्हणून खूण होती, त्यामुळे त्याचा प्रसार आटोक्यात राहिला. जॉर्जेस्कू यांच्या मजकुरावर ती खूण लावली गेली नाही आणि तो करमणुकीच्या व्हिडिओंसारखा मोकळा फिरला. निवडणूक यंत्रणेने मतदानाआधी मजकूर काढायला सांगितलं होतं. काढला, असं कंपनीचं म्हणणं. मतदानाच्या दिवशीही दिसत होता, असं यंत्रणेचं. उमेदवाराला झुकतं माप दिल्याचा आरोप टिकटॉकने फेटाळला. कंपनीने सुरुवातीला सांगितलेली जाळी किरकोळ होती: एकात ७८ खाती, फॉलोअर सगळे मिळून १,७८१. पुढे डिसेंबरमध्ये तिनेच २७,२१७ खात्यांचं एक जाळं काढून टाकल्याचं जाहीर केलं, बनावट लाइक-कमेंट विकणाऱ्या धंद्यातून चालवलेलं. ७८ पासून २७,२१७ पर्यंतचा हा प्रवास कंपनीच्या आतच झाला. बाहेरून कुणाला ही मोजणी करता येत नव्हती.

मग पैसे कुणाचे निघाले

सगळ्यांचं बोट रशियाकडे होतं. खुल्या केलेल्या कागदांत रशियाच्या पद्धतींशी साम्य असल्याचं म्हटलं होतं. या मोहिमेवर रशियाच्या हाताचा ठोस पुरावा मात्र त्यांत नव्हता. आणि २० डिसेंबरला ‘स्नूप’ या रोमानियन शोधपत्रकारांच्या संकेतस्थळाने बातमी दिली की, कर विभागाच्या तपासानुसार, त्यातल्या एका गाजलेल्या मोहिमेचे पैसे नॅशनल लिबरल पार्टीने मोजले होते. हा सत्तेतलाच एक पक्ष. त्याचे स्वतःचे उमेदवार निकोलाए चुका पाचवे आले.

या मोहिमेत शंभराहून अधिक इन्फ्लुएन्सर ‘चांगला राष्ट्राध्यक्ष कसा असावा’ यावर बोलत होते. नाव कुणाचंच घ्यायचं नाही, असा मजकूर हातात दिलेला. व्हिडिओ आले आणि खालच्या कमेंटमध्ये जॉर्जेस्कू यांच्या नावाचा पूर आला. आपली मोहीम दुसऱ्याने पळवली, असं पक्षाचं स्पष्टीकरण. असेलही. वरात एकाने काढली, घोड्यावर दुसराच बसून गेला. पण यातून निघणारी गोष्ट साधी आहे. राजकीय मजकुरावर पैसे देणाऱ्याचं नाव असतं, तर हा गोंधळ महिनाभर चाललाच नसता. व्हिडिओ बघणाऱ्याला तेव्हाच कळलं असतं, आणि न्यायाधीशांनाही निकाल देण्याआधी कळलं असतं. बातमी आली तेव्हा निवडणूक रद्द होऊन दोन आठवडे झाले होते.

न्यायालयाचे चार दिवस

घटनात्मक न्यायालयाने २८ नोव्हेंबरला फेरमोजणीचा आदेश दिला. २ डिसेंबरला पहिली फेरी वैध ठरवली. दुसरी फेरी ८ डिसेंबरला. ४ डिसेंबरला कागदपत्रं खुली झाली. ६ डिसेंबरला, शुक्रवारी, नऊ न्यायाधीशांनी एकमताने, स्वतःहून, सगळी निवडणूक रद्द केली. परदेशातल्या रोमानियन मतदारांचं दुसऱ्या फेरीचं मतदान त्या दिवशी सुरूही झालेलं होतं. रांगेत उभं राहून मत देऊन आलेल्या माणसाला बाहेर पडल्यावर फोनवर कळतंय की आपण दिलेलं मत नाहीच.

न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: प्रचारात डिजिटल तंत्राचा अपारदर्शक वापर झाला, खर्च लपवला गेला, उमेदवारांमधली समान संधी मोडली, म्हणून मतदाराचं मत मुक्तपणे बनलं असं म्हणता येत नाही. यातलं प्रत्येक विधान मला पटतं. पण निष्कर्षाशी आलो की अडखळतो. हा पुरावा बहुतांशी गुप्तचर टिपणांवर उभा होता, आणि ज्याच्याविरुद्ध तो होता त्याला उलटतपासणीची संधी नव्हती. याच न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये डायना शोशोआका या दुसऱ्या उजव्या उमेदवाराला निवडणुकीतून बाद केलं होतं, त्यामुळे लोकांच्या मनात शंका आधीच होती. त्यात १ डिसेंबरला संसदेची निवडणूक झाली होती. त्याच देशात, तीच ॲपं हातात असलेल्या मतदारांची. ती तशीच राहिली.

घटनात्मक प्रश्नांवर सल्ला देणाऱ्या युरोपच्या ‘व्हेनिस आयोगाने’ जानेवारी २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात हेच जरा सभ्य भाषेत आहे: निवडणूक रद्द करणं हा अपवादात्मक उपाय आहे, आणि तो केवळ गुप्त माहितीच्या आधारे करू नये. फेब्रुवारीत अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी म्युनिकच्या सुरक्षा परिषदेत हा विषय काढून युरोपला सुनावलं. काही लाख डॉलरच्या ऑनलाइन जाहिरातींनी तुमची लोकशाही मोडत असेल तर ती मुळातच भक्कम नव्हती, असा त्यांचा सूर. टाळ्या घ्यायला वाक्य चांगलं आहे. मैदान कुणी भाड्याने भरलं, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नाही.

कायदा कुठे होता

रोमानिया युरोपीय संघात आहे, आणि संघाचा डिजिटल सेवा कायदा मोठ्या कंपन्यांना ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. युरोपीय संघात महिन्याला साडेचार कोटी वापरकर्ते असलेला मंच ‘अतिविशाल’ ठरतो, आणि टिकटॉक त्या यादीत आहे. या कायद्याची कल्पना मला आवडते. एकेका पोस्टसाठी तो कंपनीला धरत नाही. तुझ्या यंत्रामुळे निवडणुकीला कोणता धोका आहे ते तूच शोध, तो कमी करायला काय केलंस ते लिहून दे, लेखापरीक्षण करून घे, जाहिरातींची नोंदवही खुली ठेव, संशोधकांना आकडे दे, असं सांगतो. चुकलास तर जागतिक उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड. मार्च २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने खास निवडणुकांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या होत्या. रोमानियाच्या आठ महिने आधी.

प्रत्यक्षात घडलं ते असं. मतदानानंतर दोन-तीन दिवसांत रोमानियाच्या दूरसंचार नियामक संस्थेच्या उपाध्यक्षांनी टिकटॉक तात्पुरतं बंद करायची मागणी केली; ती कुणी मनावर घेतली नाही, आणि घ्यायलाही नको होती. ५ डिसेंबरला आयोगाने टिकटॉकला संबंधित माहिती जपून ठेवायचा आदेश दिला. १७ डिसेंबरला औपचारिक चौकशी सुरू झाली: शिफारस करणारी यंत्रणा किती सहज वाकवता येते, आणि पैसे घेऊन केलेल्या राजकीय मजकुराबाबत कंपनीने काय केलं. चौकशीचे मुद्दे अचूक आहेत. फक्त निवडणूक रद्द होऊन अकरा दिवस झाले होते.

प्रचाराचे निर्णायक दिवस दोन आठवड्यांचे, आणि कायद्याची चाल महिन्यांची, वर्षांची. तातडीचे उपाय सक्तीने लादायची तरतूद कायद्यात आहे, पण ती वापरली गेली नाही. मग राज्यव्यवस्थेच्या हातात चोवीस तासांत वापरता येईल असं एकच हत्यार उरलं, आणि ते मतदाराच्या मतावर पडलं. जे २१ लाख लोक जॉर्जेस्कू यांच्या मागे गेले त्यांत महागाईला कंटाळलेले होते, परदेशात राबणारे होते, जुन्या पक्षांना विटलेले होते. त्यांना कळलं ते एवढंच: आपण चुकीच्या माणसाला मत दिलं म्हणून मोजणी रद्द झाली. टिकटॉकवरच्या भाडोत्री गर्दीला जे जमलं नसतं ते काम त्या निकालाने केलं.

पुढचं पटकन सांगतो. योहानिस यांनी फेब्रुवारीत राजीनामा दिला. मार्चमध्ये जॉर्जेस्कू यांची उमेदवारी नाकारली गेली; त्यांच्यावर फौजदारी खटलेही उभे राहिले, आरोप ते नाकारतात. ४ मे २०२५ च्या नव्या पहिल्या फेरीत त्यांच्याच वळणाचे जॉर्ज सिमिऑन यांना जवळपास ४१ टक्के मतं मिळाली. सहा महिन्यांपूर्वी सिमिऑन १४ टक्क्यांच्या आत होते. १८ मे रोजी दुसऱ्या फेरीत बुखारेस्टचे महापौर निकुशोर दान ५३.६ टक्के मतं घेऊन जिंकले. लोकशाही तगली, असं म्हणून अनेकांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला. मला तो ४१ चा आकडा जास्त बोलका वाटतो.

दुसऱ्या टोकाचे दोन रस्ते

वेळेचं गणित ब्राझीलने उलट्या बाजूने सोडवलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या निवडणूक न्यायालयाने ठरवलं की आदेश मिळाल्यावर खोटा मजकूर दोन तासांत काढायचा, मतदानाच्या तोंडावर असेल तर एका तासात. २०२४ मध्ये एक्सने आदेश मानले नाहीत तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेशांद्रे द मोराएस यांनी ३० ऑगस्टला अख्खं एक्सच देशात बंद केलं. २ कोटी ८६ लाख रेआल दंड भरून आणि आदेश पाळून ते ८ ऑक्टोबरला परत सुरू झालं. जरब बसली, यात शंका नाही. पण खरं काय आणि खोटं काय, हे मतदानाच्या आदल्या रात्री एका न्यायाधीशाच्या सहीवर ठरावं, हे मला धास्तीचं वाटतं. आज सही करणारा आपल्या मनासारखा असेल. उद्याचं कुणी सांगावं?

आपल्याकडे हा पेच मुंबई उच्च न्यायालयातच सोडवला गेला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर ‘खोटा’ हे सरकारचाच तथ्यतपासणी कक्ष ठरवणार, आणि तो काढला नाही तर लोकांनी टाकलेल्या मजकुराबाबत मंचाला असलेलं कायदेशीर संरक्षण जाणार, अशी दुरुस्ती एप्रिल २०२३ मध्ये झाली होती. कुणाल कामरा आणि इतर न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांचं मत दुभंगलं. सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. वादातल्या एका बाजूनेच पंच व्हायचं, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. बरं झालं.

मात्र त्यामुळे उरलेली जागा रिकामीच आहे. निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ ला खोटा मजकूर तीन तासांत काढायचा आदेश दिला तो राजकीय पक्षांना. कंपन्यांसाठी आहे ती २०१९ ची ऐच्छिक आचारसंहिता. विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, १९ नोव्हेंबरला, बिटकॉइन व्यवहाराच्या ऑडिओ क्लिप फिरल्या. सुप्रिया सुळे यांनी तो आवाज आपला नाही म्हणत तक्रार केली आणि सकाळी मतदान सुरूही झालं. क्लिप खरी की बनावट हे त्या एका रात्रीत कोण ठरवणार होतं? ती पहिल्यांदा कोणत्या खात्यांवरून निघाली, कुणी पैसे देऊन पुढे ढकलली, पहिल्या तासात किती लोकांसमोर यंत्राने स्वतःहून ठेवली, ही उत्तरं मात्र कंपन्यांच्या संगणकांत तेव्हाच होती.

म्हणून रोमानियातून मी घेतो ती मागणी ही: खऱ्याखोट्याचा निवाडा कंपनीकडे मागू नका, वही मागा. निवडणूक जाहीर झाल्यापासून रोजच्या रोज. उमेदवाराच्या नावाने कोणता मजकूर अचानक वर गेला, त्यामागे किती नवी किंवा झोपलेली खाती होती, कुणाला पैसे पोचले. ही वही उघडायला खर्च निरीक्षकासारखा माणूस हवा, ज्याला सत्ताधारी बदलू शकत नाही. वही दिली नाही तर दंड त्याच आठवड्यात. वडापाव मोजता येतो तर हेही मोजता येईल.

युरोपने डिजिटल सेवा कायद्याखालचा पहिला दंड ठोठावला तो ५ डिसेंबर २०२५ ला, रोमानियाची निवडणूक रद्द झाल्याला वर्ष व्हायला एक दिवस कमी असताना. कंपनी होती एक्स, रक्कम १२ कोटी युरो. कारणं तीन: विकत मिळणारी निळी खूण लोकांची फसवणूक करते, जाहिरातींची नोंदवही धड नाही, आणि संशोधकांना आकडे दिले जात नाहीत.